कवडीचा पान्हा

डावा तळहात चाकाच्या आसाच्या टोकावरच्या ॲक्सलबॉक्सवर ठेवायचा, तापलाय का बघायचं, मग उजव्या हातातल्या हातोडीनं चाकाला एक ठोका द्यायचा आणि आवाज ऐकून पुढं सरकायचं. लोणावळ्याच्या यार्डात महिपती अकरा वर्षं हेच करत होता. घाट उतरण्याआधी मालगाडीचं एकूण एक चाक त्याच्या नाहीतर त्याच्या जोडीदाराच्या हाताखालून जायचं. धड चाक खणखणीत वाजतं, तडा गेलेलं बसक्या आवाजात बोलतं, आणि हा फरक त्याच्या इतका अंगवळणी पडला होता, की ठोके देताना तो भलतंच काही मनात घोळवत पुढं जाई. कान आपलं काम करत राहत. त्या सकाळी पुण्याकडून गुरांची स्पेशल आली होती. मुंबईच्या गोठ्यांसाठी चाललेल्या गाई-म्हशी. जानेवारीचं धुकं अजून रुळांवरून उठलं नव्हतं. सातव्या डब्यापाशी खडीवर पाय घसरला म्हणून त्यानं डाव्या हातानं डब्याची फळी धरली, आणि फटीतून आतल्या एका जनावरानं त्याच्या तळहातावर श्वास सोडला. ओला, कोमट, कडब्याच्या वासाचा. मग खरखरीत जिभेचं टोक एकदा अंगठ्याच्या मुळाशी लागलं आणि गेलं. एवढंच झालं. तो भानावर आला तेव्हा आठव्या डब्याशी उभा होता, हातात हातोडी होती, आणि मागची तीन चाकं वाजल्याचं त्याला काही केल्या आठवत नव्हतं.

तो माघारी वळला. गाडीच्या टोकाला उभा असलेला रखमाजी मिस्त्री हातातली झेंडी काखेत मारून त्याच्याकडं आला.

"काय रं, मागं कुटं चाललास?"

"तीन चाकं ऱ्हायली."

"वाजीवलीस की. मी ऐकलं हितनं."

"मी न्हाई ऐकलं," महिपती म्हणाला.

रखमाजी त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. मग त्यानं गार्डाकडं हात करून थांबायची खूण केली. महिपतीनं तिन्ही चाकं पुन्हा वाजवली. ती धड होती. गाडी पाच मिनिटं उशिरानं सुटली, खंडाळ्याच्या बाजूला धुक्यात शिरली, आणि डब्यांमागून डबे जाताना फळ्यांच्या फटींतून नुसते कान, शिंगं, ओल्या नाकपुड्या सरकत गेल्या. सातवा डबा गेला तेव्हा त्यानं मान खाली घातली. ओळखीचं कुणी आपल्यासमोरून जात असावं आणि आपण आडोशाला उभं राहावं, तसं त्याला झालं.

दोन वाजता ड्युटी संपवून तो रेल्वेच्या चाळीत आपल्या खोलीवर आला. बायकोनं, शालूबाईनं, ताट वाढलं. तो जेवला, पण जेवणाआधी त्यानं फक्त उजवा हात धुतला. डावा मांडीवर उताणा पडून राहिला होता. तळहातावर आता काही नव्हतं. तेलाचा काळा डाग होता आणि तोही रोजचाच. तरी त्याला वाटत होतं, की हात धुतला तर जे आता कुठं परत आलंय ते पुन्हा जाईल. बारा वर्षांत त्यानं गाईच्या अंगाला हात लावला नव्हता. बाजारात हिंडणाऱ्या गाईसुद्धा तो टाळून जायचा. शालूबाई घरात दूध केंद्रावरून बाटली आणायची. त्या पांढऱ्या दुधाला कसलाच वास नसतो हे त्याला बरं वाटायचं.

कवडीच्या दुधाला वास होता. मारवेलच्या गवताचा, आणि शिजवलेल्या हुलग्यांचा. ती घरात आली तेव्हा मात्र तिला फक्त मरणाचा वास होता. महिपतीचा थोरला भाऊ कोंडाजी खंडाळ्याच्या एका बंगल्यावर बागकामाला होता. बंगल्याच्या शेठनं काठेवाडाकडून गीर गाय आणवली होती. ती पहिल्याच वेताला मेली, आणि पोटातून निघालेली कालवड जगायची नाही म्हणून शेठच्या लोकांनी ती कोंडाजीला देऊन टाकली. कोंडाजी तिला पोत्यात घालून, खांद्यावर मारून औंढ्याच्या घरापर्यंत चालत आला. तांबूस अंग, त्यावर पांढरे ठिपके, मोठं पुढं आलेलं कपाळ आणि गुंडाळलेल्या पानासारखे लोंबते कान. असलं जनावर गावानं पाहिलेलं नव्हतं. महिपतीची आई चिमाबाई म्हणाली, "हिची कवडी तरी येईल का?" आणि तेच नाव पडलं. कोंडाजीच्या बायकोनं, मुक्ताबाईनं, पोतं सोडलं, कालवडीचं तोंड आपल्या पदरानं पुसलं, शेळीच्या दुधात बोटं बुडवून तिच्या तोंडात दिली. पहिले दोन दिवस ती बोटंसुद्धा ओढीना. तिसऱ्या दिवशी सकाळी मुक्ताबाई गोठ्यातून ओरडली नाही की धावत आली नाही. नुसती दारात येऊन उभी राहिली आणि आपली ओली बोटं तिनं सगळ्यांना दाखवली. महिपती तेव्हा अठरा वर्षांचा होता. ती बोटं त्याला अजून दिसत. चुलीनं काळवंडलेली, टोकाला पांढरी, सुरकुतलेली.

त्याच पावसाळ्यात कोंडाजी तापानं गेला. मुक्ताबाई वीस वर्षांची होती, पोटी काही नव्हतं. ती कुणापुढं रडली नाही, अशी गावात बोलवा होती. महिपतीनं तिला रडताना पाहिलं होतं. गोठ्यात कालवडीच्या मानेवर गाल टेकवून ती उभी होती, पाठमोरी, आणि कालवड तिच्या लुगड्याचा सोगा चघळत होती. तो बादली ठेवायला आत गेला होता. बादली घेऊन तसाच परतला. पुढच्या चार वर्षांत त्या दोघींचं एक वेगळंच घर त्या घरात तयार झालं. मुक्ताबाई डोंगरउतारावरून मारवेल कापून आणी, ओढ्यावर कवडीला न्हाऊ घाली, नारळाच्या शेंडीनं अंग घाशी, शिंगांना करडईचं तेल चोळी. ती कवडीशी बोलायची. घरात दिवसाकाठी दहा शब्द बोलणारी बाई गोठ्यात तासभर बोलायची, आणि महिपती भिंतीपलीकडं कामाचं निमित्त करून बसे. ऐकण्यासारखं त्यात काही नसे. आज ऊन कसं होतं, पेंड कशी खवट निघाली, आत्याबाई, म्हणजे सासूबाई, काय म्हणाल्या. पण तो आवाज दुसरीकडं कुठं ऐकू येत नसे. आत येऊन तो काही विचारी, तेव्हा तो आवाज बंद होई आणि पदर सावरत मुक्तावैनी म्हणे, "काय पायजेल, भावजी?" त्याला काय पाहिजे होतं ते त्याला सांगता आलं नसतं. जनावराला मिळतं ते माणसाला मिळत नाही, असं काहीसं त्याच्या मनात येई आणि मग त्याला स्वतःचाच राग येई.

कवडी पहिल्यांदा व्याली तेव्हा खोंड झाला. दुसऱ्या महिन्यात तो हगवणीनं मेला. वासरू गेलेली गाय पान्हा चोरते, आटून जाते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कवडी आटली नाही. मुक्ताबाई तिच्या पोटाशी बसली की कवडी मान मागं वळवी, तिचा खांदा हुंगे, आणि कासेत दूध उतरे. बादली भरताना आधी पत्र्यावर वाजणारी धार हळूहळू दुधात बुडून घुमायला लागे. महिपतीला तो बदलता आवाज पाठ होता. चाकांचे आवाज पारखायला त्याला पुढं कुणी फारसं शिकवावं लागलं नाही. लोणावळ्याहून दूध न्यायला येणारा हॉटेलवाला म्हणाला, एवढं दूध मावळात कुठल्याच गाईचं नाही. ग्रामसेवकानं सांगितलं, वडगावला तालुक्याचं जनावरांचं प्रदर्शन आहे, दुधाची स्पर्धा आहे, गाय न्या. महिपतीच्या डोक्यात ते शिरलं ते निघेना. त्याला कवडीच्या गळ्यात हार बघायचा होता. औंढ्याच्या महिपतीची गाय, असं चार गावांनी म्हणायला हवं होतं. मुक्ताबाई म्हणाली, "गाय काय दावायची गोष्ट हाय का?" पण दुसऱ्या दिवसापासून तिनं कवडीच्या खुराकात गूळ वाढवला.

मुक्ताबाईला नेण्याचा प्रश्नच नव्हता. चिमाबाईनं आधीच सांगून टाकलं, "तरनी रांडव बाई चार गावच्या बाप्यांत जाऊन गाय पिळनार? घराची अब्रू हाय का न्हाई?" निघायच्या सकाळी मुक्ताबाईनं पेंडीच्या पोत्यावर आपलं एक विटकं जांभळं लुगडं घडी करून ठेवलं. "वडगावला माळावर गार वारं सुटतं. रात्रीचं हिच्या अंगावर टाका. वळखीचा वास ऱ्हाईल," ती म्हणाली. मग कवडीच्या कपाळावर हात ठेवून उभी राहिली, आणि महिपतीनं दावं धरलं तरी तिनं हात काढला नाही. तोच मग म्हणाला, "वैनी, ऊन व्हाया लागलं."

खोलीत शालूबाई ताट उचलून कधी गेली ते त्याला कळलं नाही. ती परत आली आणि उंबऱ्याशी सूप घेऊन बसली. समोरच्या रुळावरून एक मोकळं इंजिन गेलं, भिंतीवरची भांडी थरथरली. महिपतीला वाटलं, आपण हिला सगळं सांगावं. पण सांगण्यासारखं झालं काय होतं? एका माणसानं एका गाईची धार काढली. तालुक्यानं पाहिली. बक्षीस मिळालं. हसण्याजोगी गोष्ट म्हणून ती चाळीतसुद्धा चालून गेली असती.

स्पर्धेचा नियम असा होता, की आदल्या संध्याकाळी पंचांच्या देखत कास पूर्ण रिकामी करायची, आणि दुसऱ्या दिवशीच्या दोन्ही धारा मोजायच्या. त्या संध्याकाळी महिपती कवडीच्या पोटाशी बसला आणि कवडीनं पान्हा चोरला. त्यानं हाका मारल्या, कास कोमट पाण्यानं धुतली, गूळ दिला. ती डोळे मोठे करून गर्दीकडं बघत उभी राहिली, आणि बादलीत तांब्याभरसुद्धा दूध पडलं नाही. पंचांतले जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "कास भरलेली आहे. रिकामी झाली नाही तर उद्या मोजता येणार नाही. सकाळी लवकर एक संधी देतो. उरलेलं काढा, ते मोजणीत धरणार नाही. नाहीतर गाय परत न्या." शेजारच्या दावणीला नवलाख उंबऱ्याकडचा एक म्हातारा म्हैस घेऊन आला होता. त्यानं विचारलं, "घरी धार कोन काढतं?" "वैनी." "मंग तिचं लुगडं नेस की. मुकं जनावर, त्याला वासाचं कळतं." म्हातारा हसत नव्हता.

सकाळी महिपतीनं ते लुगडं नेसलं. धोतरावरून, सदऱ्यावरून, जमेल तसं गुंडाळलं आणि पदर डोक्यावरून पुढं ओढला. माणसं जमली. कुणी शिट्टी घातली, कुणी म्हणालं, "वैनी, कुटल्या गावच्या?" त्याचे कान तापले. पण पदराच्या आत अंधार होता, आणि त्या अंधारात चुलीचा धूर होता, दूध होतं, शेण होतं, आणि या सगळ्यांखाली एका बाईच्या मानेच्या घामाचा वास होता, जो त्यानं आजवर कधी जवळून घेतला नव्हता आणि तरी त्याला ओळखीचा वाटला. बाहेरचा गलका लांब गेला. तो खाली बसला. कवडीच्या कुशीला त्यानं कपाळ टेकलं, मुक्तावैनी टेकायची तसंच. कवडीनं मान मागं वळवली, कान पुढं काढले. तिची नजर त्याच्या डोक्यावरून कुठंतरी पलीकडं गेली, मग तिनं लांब श्वास सोडला, आणि त्याच्या मुठीत सड ताठ भरून आले. पहिली धार पत्र्यावर वाजली. मग ती दुधात बुडाली. त्याचे हात त्याचे राहिले नाहीत. ज्या हातांनी शेळीच्या दुधात बोटं बुडवली होती ते हात त्याच्या मनगटांपासून पुढं निघाले होते. आपण मुक्तावैनीच्या आत बसलो आहोत, आणि जगासमोर आपलं अंग पांघरून तीच इथं बसली आहे, असं त्याला झालं. ते पाप होतं की सुख, हे ठरवायला त्याच्याजवळ वेळ नव्हता. दूध येतच होतं. पंचांनी ते मोजणीत धरलं नाही. पुढं मोजणीच्या दोन्ही धारांना तो तसाच लुगडं नेसून बसला, आणि सकाळची उशिराची धार आणि चार वाजताची धार मिळून सात लिटर भरली. लिटरची मापं तेव्हा नवी होती. म्हातारे शेरात हिशेब करून परत परत विचारत होते. कवडीच्या गळ्यात झेंडूचा हार पडला. पितळी पेला, तांबडी फीत. बक्षीस घ्यायला त्याचं नाव पुकारलं, तेव्हा तो लुगडं सोडायचं विसरला होता, आणि माळभर हशा पिकला.

औंढ्याला परतल्यावर मुक्ताबाईनं आधी कवडीचे खूर पाहिले, मग कास पाहिली. मग तिनं विचारलं, "लुगडं?" तो म्हणाला, "तितंच ऱ्हायलं, गडबडीत." ते त्यानं गोठ्याच्या आडव्या तुळईवर गवताच्या पेंढ्यांत खुपसून ठेवलं होतं. तिनं कवडीपुढं पाण्याची बादली सरकवली.

पुढचं फार भराभर झालं. पेला घरात, आणि गोष्ट गावात. महिपती मुक्ताबाईचं लुगडं नेसून बसला, ही हसण्याची गोष्ट आठ दिवसांत दुसरीच झाली. पाणवठ्यावर बायका चिमाबाईला विचारायला लागल्या. चिमाबाईनं मुक्ताबाईच्या भावाला, हनुमंताला, नवलाख उंबऱ्याहून बोलावून घेतलं. विधवा भावजयीशी पाट लावायची चाल त्यांच्या घरातून आज्यापासून बंद झाली होती, आणि ती असती तरी महिपतीनं तोंड उघडलं असतं असं नाही. तो ओसरीच्या खांबाला टेकून उभा होता. हनुमंत म्हणाला, "बहीन माजी हाय, मी नेतो." चिमाबाई म्हणाली, "ने बाबा." मुक्ताबाईनं बोचकं बांधलं. त्या अर्ध्या दिवसात एक वाक्य बोलायला कितीतरी जागा होत्या. गाय हिची हाय, हिला ऱ्हाऊ द्या. एवढं म्हणता आलं असतं. घरासमोरून बैलगाडी वळेपर्यंत म्हणता आलं असतं. मुक्ताबाई गोठ्यात गेली आणि लगेच बाहेर आली. इतक्या लगेच, की ती कवडीला हात न लावताच फिरली असणार, असं त्याला वाटलं.

त्या संध्याकाळपासून कवडीनं दूध दिलं नाही. दुसऱ्या दिवशी गोठ्याचं दार लावून त्यानं तुळईवरून लुगडं काढलं, नेसलं, पदर ओढला, तसाच बसला. कवडीनं त्याला हुंगलं. त्याच्या खांद्यावर ओला कोमट श्वास आला. मग तिनं तोंड फिरवलं. आठ दिवस तो रोज बसला. तोच वास, तेच लुगडं, तोच तो. कास दगडासारखी झाली, मग सुजली, मग एकेक सड आटत गेला. तेव्हा त्याला कळलं, किंवा कळलं असं वाटलं, की वडगावला ती फसली होती आणि आता फसत नाही. त्या दिवशी लुगड्यात बसून आपल्या मनात जे आलं ते तिनं ओळखलं. माणसांना कळलं ते चुकीचं होतं; जनावराला कळलं ते बरोबर होतं. चिमाबाईला लुगडं सापडलं. तिनं त्याचं पोतेरं केलं, आणि वर्षभर घर त्याच पोतेऱ्यानं सारवलं. कवडी कल्याणकडच्या एका व्यापाऱ्याला दिली. लोणावळ्याच्या यार्डात महिपतीनं स्वतः तिला फळीवरून डब्यात चढवलं. ती अडली नाही. उलट वर चढल्यावर वळून तिनं फळ्यांच्या फटीतून नाक बाहेर काढलं, आणि तो हात मागं घेऊन उभा राहिला. पुढच्या साली रेल्वेत खलाशी म्हणून मजुरांची भरती निघाली तेव्हा शेती चुलतभावाला देऊन तो त्याच यार्डात लागला. का, ते त्यानं स्वतःला विचारलं नव्हतं.

"उद्या सुट्टी हाय," तो शालूबाईला म्हणाला. "नवलाख उंबऱ्याला जाऊन येतो म्हणतो."

शालूबाई सुपातले खडे निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही. "मुक्तावैनींकडं?"

"व्हय."

"जाऊन या," ती म्हणाली. आणि निवडलेले खडे उंबऱ्याबाहेर टाकत, "मला लगीन ठरवताना सांगितलं हुतं लोकांनी. मी म्हनले, गाईसाठी लुगडं नेसनारा मानूस वाईट नसंल."

तिनं सूप आपटून कोंडा पाखडला. महिपती तिच्याकडं बघत राहिला. दहा वर्षं ही बाई ते मनात घेऊन शेजारी निजली होती आणि त्याला पत्ता नव्हता.

तळेगावला उतरून तो एस.टी.नं फाट्यापर्यंत गेला आणि तिथून चालत. काचेच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या माणसांच्या सायकली समोरून येत होत्या. हनुमंताचं घर विचारत विचारत सापडलं. हनुमंत शेतावर होता. त्याची बायको कस्तुराबाई दारातच भेटली, तिनं पाहुण्याला ओळखलं नाही. नाव ऐकल्यावर पदर सावरून ती म्हणाली, "मागं हाईत, वन्सं," आणि पाणी आणायला आत गेली. मागच्या पडवीत मुक्ताबाई वालाच्या शेंगा सोलत बसली होती. तिचे कानाशीचे केस पांढरे झाले होते. तिनं पाहिलं, शेंगांचं सूप बाजूला सारलं, आणि अगदी पूर्वीसारखं विचारलं, "कवा आलात, भावजी?" जणू तो बाजाराहून आला होता.

परसात गोठा नव्हता. एका खुंटाला दोन शेळ्या होत्या. तो बसला. आत्याबाई कशा गेल्या, शालूबाई काय करते, नोकरी कसली, हे तिनं विचारलं, त्यानं सांगितलं. ती गाईचं काही विचारीना. तिनं विचारावं म्हणून तो थांबला होता. मग त्याला कळलं की ती विचारणारच नाही.

"कवडी म्या इकली," तो म्हणाला. "कल्यानच्या मानसाला. माज्या हातानं डब्यात घातली."

"कळलं हुतं."

"दूध दिलं न्हाई तिनं, तुमी गेल्यावर. आटली." शेळीच्या गळ्यातली दोरी कशी गाठवली आहे ते तो बघत राहिला. "लुगडं तितं ऱ्हायलं न्हवतं वैनी. माज्यापाशी हुतं. मी ते नेसून रोज बसायचो. तरी दिलं न्हाई. वडगावला दिलं आन् घरी दिलं न्हाई. माज्या मनात पाप आलं हुतं. ते तिला कळलं."

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की त्यानं काय सांगितलं आहे. बारा वर्षांत जे स्वतःशीही धड उच्चारलं नव्हतं ते एका गाईच्या नावानं तो बोलून गेला होता. मुक्ताबाईचे हात मांडीवर होते. शेंगांच्या रसानं नखं हिरवट झाली होती. घरात कस्तुराबाई भांडी हलवत होती.

"पाप कसलं," मुक्ताबाई म्हणाली. "मी हुते तितं."

"कुटं?"

"वडगावला. आत्याबाईंना म्हनले, कारल्याला एकवीरेच्या पाया पडून येते. आन् लोनावळ्याला येऊन पहिली पाशिंजर धरली. बाप्यांच्या मागं गाड्या सोडल्या हुत्या, त्या गाडीआड उभी ऱ्हायले. तुमी लुगडं नेसताना बघितलं. लोकं हसत हुती. तिनं माज्याकडं बघितलं. मी तिला हळूच हाक दिली, रोज देते तशी. मंग तिनं सोडलं. चारच्या धारेपत्तोर उभी हुते, आन् मंग सांजच्या गाडीनं तुमच्या आधी घरी."

महिपतीला तो माळ दिसला. वळलेली मान, पुढं आलेले कान, त्याच्या डोक्यावरून पलीकडं गेलेली ती नजर. म्हणजे कवडी फसली नव्हती. तिनं त्याला ओळखलं नव्हतं, झिडकारलंही नव्हतं. तो तिच्या हिशेबात कुठंच नव्हता. बारा वर्षं वागवलेलं ओझं कुणीतरी उचलून बाजूला ठेवावं तसं झालं, आणि त्याच झटक्यात दुसरंही काही गेलं. पदराच्या आतल्या अंधारात आपण ती झालो होतो, हे त्याचं एकट्याचं होतं. पापाच्या नावाखाली का होईना, ते त्यानं जपलं होतं. आता ते नव्हतं. त्याच्या जागी एक बाई बैलगाडीआड उन्हात उभी होती. खोटं बोलून, तिकीट काढून, दिवसभर उपाशी, त्याच्यापासून तीस-चाळीस पावलांवर. त्यानं एकदा मागं वळून पाहिलं असतं तर ती दिसली असती.

"मला का न्हाई हाक मारली?" त्यानं विचारलं. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

मुक्ताबाईनं त्याच्याकडं पाहिलं. इतकं सरळ तिनं त्याच्याकडं औंढ्यात कधी पाहिलं नव्हतं.

"गाईला मारली की हाक," ती म्हणाली. "तुमाला कशी मारायची, भावजी?"

कस्तुराबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली. फाट्याकडं एस.टी.चा आवाज ऐकू आला. "तळेगावची गाडी हाय," कस्तुराबाई म्हणाली, "ही चुकली तर मंग सांजच्यालाच. ऱ्हानार का पाव्हनं?"

"ऱ्हानार न्हाईत," मुक्ताबाई उठत म्हणाली. "जेवून जातील." तिनं सोललेले वाल सुपातून टोपलीत ओतले आणि चुलीकडं गेली. आतून तिनं विचारलं, "भावजी, तिखट चालतं का अजून?"

गाडी फाट्यावर थांबली, हॉर्न वाजवून पुन्हा सुटली. महिपती तिचा आवाज पार पुसट होईपर्यंत ऐकत राहिला. मग त्यानं अंगणातल्या दगडावर जाऊन दोन्ही हात धुतले, आणि आत हाक दिली, "चालतं, वैनी."